पीएच.डी. संशोधनाची जागा कशी शोधावी? कोलकात्यातील संस्था आणि आघारकरांचा मार्ग

कृषी विद्यापीठांतून एम.एस्सी. पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे प्रबंध सादर होताच एक प्रश्न उभा राहतो : पुढे संशोधन करावयाचे असेल तर जागा कोठे आणि कशी मिळवावी? हा प्रश्न घेऊन ते पुष्कळदा गावातील प्रगतिशील शेतकऱ्याकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रातील विषय विशेषज्ञाकडे येतात. शेतकरी कुटुंबात घरातील पहिलाच पदवीधर असलेल्या मुलास किंवा मुलीस या वाटेची माहिती देणारे दुसरे कोणी नसते. पीएच.डी. म्हणजे उमेदीची चार ते सहा वर्षे. जागा विचारपूर्वक निवडली नाही, तर ही वर्षे, कुटुंबाचा पैसा आणि विद्यार्थ्याचा आत्मविश्वास या तिन्हींची हानी होते. म्हणून या वाटेची प्राथमिक ओळख विस्तार कार्यकर्त्यांना असणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखात कोलकाता हे उदाहरण घेतले आहे. ताग, गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसाय, वनस्पतिशास्त्र आणि सांख्यिकी या विषयांच्या जुन्या संशोधन संस्था या शहरात आणि त्याच्या परिसरात एकवटल्या आहेत. शिवाय आज महाराष्ट्रात गहू व सोयाबीनवर काम करणाऱ्या एका संस्थेचा उगमही कोलकात्याशी जोडलेला आहे.

‘जागा’ म्हणजे नेमके काय?

पदवीच्या प्रवेशात महाविद्यालय निश्चित झाले की बहुतेक गोष्टी निश्चित होतात. पीएच.डी.चे तसे नाही. येथे तीन बाबी स्वतंत्रपणे जुळवाव्या लागतात.

पहिली बाब मार्गदर्शक. कोणत्या विषयावर आणि कोणत्या पद्धतीने काम होणार, हे त्यांच्यावर अवलंबून असते. दुसरी बाब पदवी देणारे विद्यापीठ. प्रत्येक संशोधन संस्थेला पदवी देण्याचा अधिकार असतोच असे नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थांपैकी दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था, इज्जतनगरची पशुवैद्यक संशोधन संस्था, कर्नालची दुग्ध संशोधन संस्था आणि मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था यांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. इतर अनेक संस्थांमध्ये विद्यार्थी काम एका ठिकाणी करतो आणि त्याची नोंदणी दुसऱ्या विद्यापीठात असते. तिसरी बाब पैसा, म्हणजे अधिछात्रवृत्ती. ती राष्ट्रीय परीक्षेतून, राज्य शासनाच्या योजनेतून किंवा मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून येऊ शकते.

या तिन्ही बाबी तीन वेगवेगळ्या संस्थांकडून येऊ शकतात, हे लक्षात न घेतल्यामुळे अनेक विद्यार्थी फसतात. एखाद्याला प्रकल्पात ‘ज्युनिअर रिसर्च फेलो’ म्हणून नेमणूक मिळते, आपण पीएच.डी. करीत आहोत असे घरी सांगितले जाते. प्रत्यक्षात विद्यापीठात नोंदणीच झालेली नसते. प्रकल्प संपला की नेमणूकही संपते. म्हणून ‘जागा मिळाली’ असे म्हणण्यापूर्वी मार्गदर्शक कोण, पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि पैसा कोणाचा व किती काळ, या तिन्ही प्रश्नांची लेखी उत्तरे हाती असावीत.

सह्याद्रीतील नदीपासून कोलकात्यापर्यंत

संशोधनाची जागा मिळविताना सर्वांत आधी काय असावे लागते, हे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या आयुष्यावरून समजते. (समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर आणि हे आघारकर या दोन भिन्न व्यक्ती आहेत. आघारकर संस्था पुण्यात आगरकरांच्या नावाच्या रस्त्यावर असल्याने हा घोटाळा वारंवार होतो.)

आघारकरांचा जन्म १८८४ साली मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापन करीत असताना ते सह्याद्रीत भटकून वनस्पती व प्राण्यांचे नमुने गोळा करीत. सातारा जिल्ह्यातील नद्यांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळली. जेलीफिश हा सर्वसामान्यपणे समुद्रातील जीव. या गटातील गोड्या पाण्यातील जाती तोवर आफ्रिकेतूनच ठाऊक होत्या. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख नेल्सन अनांदेल यांनी या जीवाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि आघारकरांचे नाव वैज्ञानिक वर्तुळात पोहोचले. पुढे कोलकात्याच्या तज्ज्ञांकडून त्यांना नमुने गोळा करण्याच्या शास्त्रशुद्ध पद्धतींचे शिक्षणही मिळाले.

त्याच सुमारास कोलकाता विद्यापीठात आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने विज्ञान महाविद्यालय उभे राहत होते. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन विधिज्ञांनी त्यासाठी मोठ्या देणग्या दिल्या. घोष यांनी १९१३ साली दिलेल्या १० लाख रुपयांतून चार प्राध्यापकपदे निर्माण झाली. त्यांपैकी एक वनस्पतिशास्त्राचे होते आणि त्यात शेतीकडे विशेष लक्ष देण्याची अपेक्षा नमूद होती. याच देणगीत प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करणाऱ्या पदवीधरांसाठी आठ छात्रवृत्तींची तरतूदही होती. ठरावीक मार्गदर्शक, ठरावीक विषय आणि उदरनिर्वाहाची सोय ही संशोधनाच्या ‘जागे’ची आजची कल्पना त्या व्यवस्थेत स्पष्टपणे दिसते.

वनस्पतिशास्त्राच्या या घोष प्राध्यापकपदावर १९१४ साली आघारकरांची नियुक्ती झाली आणि उच्च अभ्यासासाठी ते बर्लिनला गेले. तेथे पहिले महायुद्ध सुरू झाले. युद्धकाळात त्यांना जर्मनीत स्थानबद्धतेत राहावे लागले. तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही. प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ अडोल्फ एंगलर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९१९ साली डॉक्टरेट मिळविली. प्रबंधाचा विषय होता वायव्य भारतातील रुक्ष व क्षारयुक्त प्रदेशांतील वनस्पतींच्या प्रसाराची साधने आणि त्या वनस्पतींचे मूळ. बर्लिनचे ग्रंथालय आणि वनस्पतिसंग्रह त्यांनी वापरला. प्रश्न मात्र आपल्या भूमीचा नेला.

कोलकाता विद्यापीठात १९४६ पर्यंत काम करून आघारकर पुण्यास आले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक संचालक झाले. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली कोलकात्यात स्थापन केलेल्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेच्या नावाशी वर्धिनीच्या ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या इंग्रजी नावाचे साम्य उघड आहे. याच इंग्रजी नावाची आद्याक्षरे ‘एमएसीएस’ ही गव्हाच्या एमएसीएस ६२२२ व एमएसीएस ६४७८ आणि सोयाबीनच्या एमएसीएस ११८८ अशा वाणांच्या नावांत शेतकऱ्यांना परिचित आहेत. १९९२ साली संस्थेचे नाव आघारकर संशोधन संस्था असे झाले.

पुढे प्राध्यापकपदापर्यंत पोहोचलेल्या या वाटचालीच्या आरंभी एका नदीतील नीट पाहिलेली आणि नीट नोंदविलेली एक गोष्ट होती. विद्यार्थी आधी संस्थेचे नाव निवडतात, मग जाहिरात पाहतात आणि विषय सर्वांत शेवटी ठरवितात. हा क्रम उलटा करावयास हवा : आधी प्रश्न, मग मार्गदर्शक, मग संस्था.

कोलकाता परिसरातील प्रमुख संस्था

• केंद्रीय ताग व तत्सम तंतू संशोधन संस्था, बराकपूर. येथे ‘ताग’ म्हणजे बंगालचा पाट अर्थात ज्यूट. महाराष्ट्रात हिरवळीच्या खतासाठी पेरला जाणारा ताग किंवा बोरू हे वेगळे पीक होय. मात्र त्या बोरूवर, तसेच अंबाडी, रॅमी, घायपात आणि तंतूसाठीच्या जवसावरही ही संस्था काम करते. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना ती वाटते तितकी दूरची नाही.

• राष्ट्रीय नैसर्गिक तंतू अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था, कोलकाता. तंतू काढणे, त्यांची प्रत मोजणे, त्यांपासून मूल्यवर्धित वस्तू तयार करणे हे हिचे क्षेत्र. कृषी अभियांत्रिकी, वस्त्र तंत्रज्ञान व रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उपयुक्त.

• केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था, बराकपूर. १९४७ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या कटक येथील उपकेंद्रात डॉ. हीरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. आज शेततळ्यात सोडले जाणारे रोहू, कटला व मृगळ यांचे बीज मोठ्या प्रमाणावर उपलब्ध होते, त्यामागे हे तंत्र आहे. १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

• बिधानचंद्र कृषी विश्वविद्यालय, मोहनपूर (जि. नदिया). १९७४ साली स्थापन झालेले राज्य कृषी विद्यापीठ. कृषिविद्या, मृदाशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, फलोत्पादन आदी विषयांत पीएच.डी. मोहनपूर परिसरातच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थाही आहे.

• पश्चिम बंगाल पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, बेलगाछिया, कोलकाता. पशुवैद्यक, दुग्ध तंत्रज्ञान व मत्स्यशास्त्र.

• बोस संस्था. जगदीशचंद्र बोस यांनी ३० नोव्हेंबर १९१७ रोजी स्थापन केली. वनस्पतींची रेणवीय जीवशास्त्रीय अंगे, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन यांत रस असलेल्यांसाठी.

• भारतीय सांख्यिकी संस्था. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या या संस्थेत कृषी व परिसंस्था संशोधनाचा विभाग आहे. पीक विम्यामुळे सर्वांच्या परिचयाच्या झालेल्या पीक कापणी प्रयोगांचा शास्त्रीय पाया घालण्यात एका बाजूला महालनोबिस, तर दुसऱ्या बाजूला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेतील पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे काम मोठे आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे सुखात्मे लंडनहून डॉक्टरेट घेऊन आल्यावर १९३९-४० मध्ये कोलकात्याच्या अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेत जीवसांख्यिकीचे प्राध्यापक होते.

• राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे प्रादेशिक केंद्र. ब्युरोचे मुख्यालय नागपूर येथे आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील मृदाशास्त्राच्या विद्यार्थ्यास तेथूनच माहिती घेता येते.

अधिछात्रवृत्तीचे मार्ग

विज्ञानातील पीएच.डी. घरचा पैसा घालून करावी लागते, हा समज अनेक कुटुंबांत आहे. राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास निर्वाहासाठी दरमहा रक्कम मिळते. मात्र परीक्षांची नावे सारखी असल्याने गोंधळ होतो. म्हणून भेद नीट समजून घ्यावा.

सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा रसायन, भू, जीव, गणित व भौतिक या पाच विज्ञानशाखांत होते. कृषी शाखेतील विद्यार्थी बहुधा जीवविज्ञान हा विषय घेतात. यातील ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. हे दर १ जानेवारी २०२३ पासून लागू आहेत. फेलोशिप मिळाली नाही तरी गुण वाया जात नाहीत. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याची तरतूद झाली असून फेलोशिप नसलेल्या उमेदवारांच्या निवडीत परीक्षेस ७० टक्के व मुलाखतीस ३० टक्के भार असतो. असे गुण एक वर्ष ग्राह्य राहतात.

कृषी विद्यापीठांतील पीएच.डी.साठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची स्वतंत्र अखिल भारतीय परीक्षा आहे. तिच्यातून देशभरातील कृषी विद्यापीठांतील काही जागा व अधिछात्रवृत्ती मिळते. येथे एक जुना घोळ ध्यानात ठेवावा. कृषी क्षेत्रात ‘ज्युनिअर रिसर्च फेलोशिप’ हे नाव अनेक वर्षे पदव्युत्तर पदवीच्या अधिछात्रवृत्तीस होते. सीएसआयआरमध्ये तेच नाव पीएच.डी.च्या पहिल्या टप्प्यास आहे. वडीलधाऱ्यांनी जुन्या अनुभवावरून सल्ला देताना हा फरक सांगावा. तसेच कृषी वैज्ञानिक निवड मंडळाची नेट ही परीक्षा सहायक प्राध्यापकपदाची पात्रता देते. तिच्यातून अधिछात्रवृत्ती मिळत नाही.

याखेरीज जैवतंत्रज्ञान विभागाची फेलोशिप परीक्षा, पदव्युत्तर परीक्षेत विद्यापीठात प्रथम आलेल्यांसाठी ‘इन्स्पायर’ फेलोशिप आणि कृषी अभियंत्यांसाठी ‘गेट’मधील कृषी अभियांत्रिकीचा स्वतंत्र विषय हे मार्ग आहेत. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. राज्याबाहेरील विद्यापीठात नोंदणी करणाऱ्यास ती लागू होते काय, हे त्या वर्षीच्या जाहिरातीतील अटी वाचून आधीच ठरवावे. वयोमर्यादा व शेवटच्या तारखाही प्रत्येक वेळी मूळ जाहिरातीतूनच पाहाव्यात.

निरीक्षणापासून अर्जापर्यंत

प्रश्न कसा शोधावा, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, अंबाडी पिकविणाऱ्या भागातील एका विद्यार्थिनीने लहानपणापासून पाहिले आहे की शेतकरी बांधावर अंबाडी लावतात, भाजीसाठी पाने खुडतात, परंतु वाख काढण्यासाठी झाडे कुजविणे आता बहुतेकांनी सोडून दिले आहे. कारण विचारता उत्तर येते : कुजवायला पाणी नाही, आणि काढलेला वाख काळपट निघतो. हे झाले निरीक्षण. त्यातून प्रश्न उभा राहतो : थोड्या आणि साचलेल्या पाण्यात अंबाडी लवकर व स्वच्छ कुजावी यासाठी कोणते सूक्ष्मजीव उपयोगी पडतील?

आता शोध सुरू होतो. बराकपूरच्या ताग संशोधन संस्थेने ताग कुजविण्यासाठी सूक्ष्मजीवांचे मिश्रण विकसित केले आहे, हे तिला वाचनातून कळते. त्या विषयावरील शोधनिबंध ती पाहते. तेच ते लेखक पुन्हा पुन्हा दिसू लागतात; हेच संभाव्य मार्गदर्शक. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशातील विद्यापीठांचे प्रबंध आणि ‘कृषिकोश’ येथे कृषी विद्यापीठांचे प्रबंध विनामूल्य पाहता येतात. त्यांवरून त्या मार्गदर्शकाच्या पूर्वीच्या विद्यार्थ्यांनी काय केले, किती काळात केले आणि कोणता भाग अपुरा राहिला, हे समजते. प्रबंधाच्या अखेरीस पुढील संशोधनाच्या दिशा दिलेल्या असतात. नव्या विद्यार्थ्यासाठी तो भाग फार मोलाचा असतो.

यानंतर मार्गदर्शकास पत्र लिहावे. एकाच मजकुराची शंभर पत्रे पाठविण्यापेक्षा विचारपूर्वक लिहिलेली पाच पत्रे अधिक फळ देतात. पत्र एका पृष्ठापेक्षा मोठे नसावे. त्यात पुढील गोष्टी असाव्यात :

• विद्यार्थ्याचे शिक्षण, एम.एस्सी. प्रबंधाचा विषय आणि त्यात प्रत्यक्ष हाताने केलेले काम.
• मार्गदर्शकाचा कोणता शोधनिबंध वाचला आणि त्यातून कोणता प्रश्न पडला.
• स्वतःचे निरीक्षण, दोन-तीन वाक्यांत, स्थळ व हंगाम यांसह.
• कोणती राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण आहे किंवा कधी देणार आहे.
• पुढील वर्षी जागा असण्याची शक्यता आहे काय, ही सरळ विचारणा.

स्तुती, विनवणी आणि घरच्या अडचणींचे वर्णन टाळावे. दोन-तीन आठवड्यांत उत्तर न आल्यास एकदा स्मरणपत्र पाठवावे. त्यानंतर दुसरा मार्गदर्शक पाहावा. उत्तर न येणे म्हणजे अपमान नव्हे. पुष्कळदा त्यांच्याकडील जागा भरलेल्या असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि सहायक प्राध्यापकास चारच संशोधक विद्यार्थी घेता येतात. सेवानिवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकास नवा विद्यार्थी घेता येत नाही.

हंगामाचा हिशेब

शेतीविषयक पीएच.डी. आणि प्रयोगशाळेतील पीएच.डी. यांत एक मोठा भेद आहे, आणि तो शेतकऱ्याइतका दुसऱ्या कोणास कळत नाही. प्रयोगशाळेतील चुकलेला प्रयोग पुढच्या आठवड्यात पुन्हा करता येतो. शेतातील चुकलेला प्रयोग पुढच्या वर्षीच करता येतो.

बंगालमध्ये तागाची पेरणी साधारणतः मार्च ते मे या काळात होते आणि सुमारे चार महिन्यांत, पावसाळ्यात, पीक कापणीस येते. त्यानंतर कुजविणे. म्हणजे तागावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यास वर्षातून एकच संधी. नोंदणी सप्टेंबरात झाली, तर पहिला हंगाम सहा महिन्यांनी येईल. हा काळ पूर्वपीएच.डी. अभ्यासक्रम, वाचन आणि प्रयोगाची आखणी यांसाठी वापरता येतो. परंतु नोंदणी एप्रिल-मेमध्ये झाली आणि आराखड्यास मान्यता मिळण्यास तीन महिने गेले, तर संपूर्ण वर्ष हातचे जाते. शेतातील निष्कर्ष विश्वासार्ह ठरण्यासाठी निदान दोन हंगामांची आकडेवारी अपेक्षित असते. एक हंगाम पुराने किंवा अवर्षणाने गेला तर तिसरा लागतो. अधिछात्रवृत्ती पाच वर्षांची असेल, तर त्यात हे सर्व बसवावे लागते. २०२२ च्या नियमांत पीएच.डी.चा किमान काळ तीन वर्षे आणि सर्वसाधारण कमाल मर्यादा सहा वर्षे आहे. महिला व दिव्यांग संशोधकांना कमाल काळात दोन वर्षांची सवलत आहे. कृषी विद्यापीठांचे स्वतःचे शैक्षणिक नियमही असतात. ते प्रवेशापूर्वी वाचावेत.

म्हणून विषय ठरविताना विद्यार्थ्याने पुढील तीन वर्षांचे पीक वेळापत्रक कागदावर मांडावे आणि एक हंगाम बुडाला तर काय करता येईल, याचे उत्तर आधीच शोधून ठेवावे. साठवलेल्या नमुन्यांवर करता येण्याजोगा प्रयोगशाळेतील भाग प्रबंधात असेल, तर संकटाच्या वर्षीही काम थांबत नाही.

होकार देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. नोंदणी कोणत्या विद्यापीठात होईल आणि ती किती दिवसांत होते?
२. अधिछात्रवृत्ती कोणाकडून, किती वर्षे, आणि मध्ये खंड पडल्यास काय?
३. प्रकल्पातील नेमणूक असल्यास प्रकल्पाची मुदत केव्हा संपते? त्यातील आकडेवारी स्वतःच्या प्रबंधासाठी वापरता येईल काय?
४. प्रयोगासाठी शेत, हरितगृह, उपकरणे व मजूर यांची व्यवस्था कोण करील?
५. या मार्गदर्शकाच्या पूर्वीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली आणि ते आज कोठे आहेत?
६. वसतिगृह मिळते काय?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकाऐवजी सध्याच्या दोन विद्यार्थ्यांशी स्वतंत्रपणे बोलून मिळवावे. शक्य असल्यास एकदा प्रत्यक्ष भेट द्यावी. मुंबईहून नागपूरमार्गे गीतांजली एक्सप्रेस आणि पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस हावड्यास जातात. बराकपूर व मोहनपूरसाठी सियालदह स्थानकातून लोकल गाड्या आहेत. मोहनपूरला कल्याणी येथून जावे लागते. मुक्कामाच्या खर्चापेक्षा चुकीच्या निवडीची किंमत कितीतरी मोठी असते.

प्रयोगशाळेचा व्यवहार इंग्रजीत चालतो. परंतु शेतकऱ्यांशी, मजुरांशी आणि मच्छीमारांशी बोलण्यास बंगाली लागते. पहिल्या वर्षातच कामापुरती बंगाली शिकणाऱ्याचे शेतातील काम निश्चितच सुकर होते. तसेच पैसे घेऊन प्रवेश, मार्गदर्शक किंवा तयार प्रबंध मिळवून देतो, असे सांगणाऱ्यांपासून कटाक्षाने दूर राहावे. प्रवेश अर्जाचे व विद्यापीठाचे अधिकृत शुल्क सोडून कोणासही रक्कम देण्याचे कारण नाही.

विस्तार कार्यकर्त्यांची व शेतकऱ्यांची भूमिका

शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्यास शहरी विद्यार्थ्यासमोर उणेपणा वाटतो : इंग्रजी कच्चे, ओळखी नाहीत. परंतु पिकाजवळ, पाण्याजवळ, जनावराजवळ घालविलेली वर्षे हे त्याच्याकडील मोठे भांडवल आहे. उणीव असते ती पाहिलेली गोष्ट नोंदविण्याच्या सवयीची. ही सवय लावण्याचे काम विस्तार कार्यकर्ता सहज करू शकतो. कृषी विज्ञान केंद्रात येणाऱ्या विद्यार्थ्यांना एक वही ठेवावयास सांगावी. शेतकऱ्याने विचारलेला आणि पुस्तकात उत्तर न सापडलेला प्रत्येक प्रश्न त्या वहीत तारीख, गाव, पीक व हंगाम यांसह लिहावा. एका वर्षात अशा वहीतून संशोधनाचे दोन-तीन विषय निश्चित निघतात.

प्रगतिशील शेतकऱ्यांनीही आपल्या शेतावरील जुन्या नोंदी, म्हणजे पाऊस, पेरणीच्या तारखा, उत्पादन, रोगाचा प्रादुर्भाव यांची माहिती, अशा विद्यार्थ्यांना उपलब्ध करून द्यावी. मुलीस दूर पाठविण्यास कुटुंब कचरत असेल, तर अधिछात्रवृत्ती, वसतिगृह आणि नियमांतील प्रसूती रजेसारख्या सवलतींची माहिती घरी जाऊन सांगावी. अनेक जागा परीक्षेत नव्हे, तर घरच्या नकारामुळे हातच्या जातात.

आघारकरांनी सह्याद्रीत पाहिलेल्या जीवाची नोंद केली, कोलकात्यात विद्या मिळविली आणि दिली, आणि अखेरीस पुण्यात परत येऊन संस्था उभारली. त्या संस्थेचे गहू व सोयाबीनचे वाण आज आपल्या शेतकऱ्यांच्या बांधावर आहेत. पुढच्या पिढीतील अशी नोंद करणारा विद्यार्थी कदाचित आजच एखाद्या कृषी विज्ञान केंद्राच्या दारात उभा असेल. ‘कोणत्या संस्थेत जाऊ?’ असे त्याने विचारल्यास, ‘तुला कोणता प्रश्न सोडवावयाचा आहे?’ असे प्रथम विचारावे. त्याचे उत्तर मिळाले की पुढची चौकशी कोठे करावयाची हे त्यालाही दिसू लागेल.